तीन दिवसांची पट्टी

“तीन कमी आहेत, काका.”

काकूंचं उरलेलं औषध परत न्यायला आलेल्या सिस्टरने पाकीट टेबलावर पालथं केलं आणि पट्ट्या पुन्हा मोजल्या. सात पट्ट्या हव्या होत्या, होत्या चार. समोर घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसले होते. बायकोला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि हा माणूस कामाला लागलासुद्धा होता. सिस्टरला ते बरं वाटलं होतं, मघापर्यंत.

त्या पट्ट्या म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. आधी गोळ्या होत्या. त्या काकूंच्या पोटात टिकत नसत. मग इंजेक्शनं आली, तर पुढच्या सुईच्या तासभर आधीच दुखणं डोकं वर काढायचं. ही पट्टी एकदा कातडीवर चिकटवली की तीन दिवस संथपणे औषध आत सोडत राहायची. शेवटचे दोन महिने काकू झोपल्या, हसल्या, नवऱ्याला टोमणे मारू लागल्या, ते तिच्याच जोरावर. पण सवय नसलेल्या म्हाताऱ्याने ती स्वतःला लावली, तर झोपेतच श्वास थांबायचा.

“शर्ट काढा.”

“अहो, काहीतरीच काय!”

“काढा म्हणते ना!”

त्यांनी निमूटपणे काढला. छाती, पाठ, दंड, सगळं कोरं होतं. सिस्टरच्या जिवात जीव आला आणि मग ती चिडली.

“मग गेल्या कुठे?”

“जिच्या होत्या तिला लावल्या,” घड्याळजी बटणं लावत म्हणाले. “पहिल्या रात्री फार कण्हत होती हो. सकाळी अकराला लावली, तेव्हा कुठे गप्प झाली.”

आतल्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीच्या पाठीवर काकूंचा राखाडी स्वेटर चढवलेला होता. डाव्या खांद्यावर पट्टी, तिच्यावर सुबक अक्षरात ‘मंगळवार, अकरा’. आधीच्या दोन, शिकवल्याप्रमाणे दुमडून, घड्याळाच्या सुट्या भागांच्या डबीत ठेवलेल्या. दर तीन दिवसांनी खांदा बदललेला. “दुखतं तिथेच लावायला नको, कुठूनही पोहोचते,” हे सिस्टरनेच त्यांना सांगितलं होतं.

“हे औषध घरात ठेवता येत नाही, काका. मला न्यावंच लागेल.”

“आणि तिचं काय?”

सिस्टरने पट्टी सोलून काढली. लोकरीवरची पट्टी गार असायला हवी होती. ती कोमट होती, आत्ताच अंगावरून काढल्यासारखी. खुर्चीवर ऊन येत असेल म्हणून तिने खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता.

मग तिला ऐकू आलं. आधी वाटलं, नळ असेल. पण पट्टी सुरू होण्याआधी कित्येक आठवडे ऐकलेला काकूंच्या कण्हण्याचा तो आवाज ती विसरणं शक्य नव्हतं: ओठ मिटून, कुणाला त्रास नको म्हणून दाबलेला. वीस वर्षांत तिने कितीतरी मेलेल्या माणसांचे डोळे मिटले होते आणि भुताखेतांच्या गोष्टी हसण्यावारी नेल्या होत्या. आज तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. घड्याळजी खुर्चीकडे बघत होते.

आपल्याला पळून जायचंय, हे तिला कळलं. तरी ती हलली नाही. तिने पिशवीतून साधी चिकटपट्टी काढली, चौकोनी तुकडा कापला, त्यावर ‘गुरुवार, अकरा वीस’ लिहिलं. पाळी उजव्या खांद्याची होती. पट्टी लावून तिने वर तळहात दाबून धरला, जिवंत माणसाला धरतात तसा, अर्धा मिनिट. हाताखाली काहीतरी ताठरलेलं हळूहळू सैल झालं.

आवाज थांबला.

घड्याळजींनी भिंगातून ती पट्टी नीट पाहिली.

“ही रिकामी आहे ना, सिस्टर?”

तिला खोटं बोलवेना. “हो, काका.”

त्यांनी कानोसा घेतला. खोली शांत होती.

“तिला सांगू नका,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

सिस्टरने औषधाच्या सगळ्या पट्ट्या पाकिटात घालून ते बंद केलं. पुढची रविवारी लागणार होती. रविवार तिच्या सुट्टीचा. तिने डायरी उघडली आणि त्या रिकाम्या चौकोनात ‘अकरा वीस, डावा खांदा’ असं लिहिलं.