तीन आणि चारच्या मधला सूर

क्लिओफसची गिटार जाडजूड, फुगीर पोटाची होती. व्हायोलिनसारखं कोरून काढलेलं लाकूड, आणि तारांच्या दोन्ही बाजूंना तशाच वळणदार फटी. युद्धाच्या आधी कॅलमॅझूमध्ये बनलेली. विजेवर वाजणारी, आणि तिला बटणं दोनच. एक आवाज लहानमोठा करायचं, दुसरं टोनचं. टोनचं बटण दहावर नेलं की सुराला धार यायची, उन्हात पत्रा चमकावा तशी. खाली आणत गेलं की ती धार बोथट व्हायची, आणि अगदी शेवटी सूर भिंतीपलीकडून, शेजाऱ्याच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. क्लिओफसचं बटण तीन आणि चारच्या मध्ये असायचं. लग्नाआधी मी त्याला ओळखायला लागले तेव्हापासून तिथेच.

त्या जागेवरचा सूर मला आजही डोळे मिटले की ऐकू येतो. भाजलेलं रताळं मधोमध उघडावं आणि वाफ वर यावी, तसा तो यायचा. गोल, ऊबदार, घाई नसलेला. डेट्रॉइटमध्ये गिटारवाले पुष्कळ होते, पण आमच्या भागातले लोक फुटपाथवरूनच सांगायचे, आज आत क्लिओफस व्हिटलो आहे.

आठवडाभर तो गाड्यांच्या कारखान्यात प्रेसवर असायचा. पत्र्याचा तक्ता आत, एक दणका, आणि गाडीचा दरवाजा बाहेर. दिवसभर तेच. घरी आला की थोडा वेळ मोठ्याने बोलायचा, मग हळूहळू नेहमीच्या आवाजावर यायचा. रविवार मात्र त्याचा होता. चर्च सुटलं की घरी जेवायचं आणि दुपारी मेबेलच्या बारमध्ये जायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. मेबेल पडदे अर्धे ओढून ठेवायची. पिवळा उजेड टेबलांवर आडवा पडायचा, तळलेल्या माशाचा वास असायचा, कुणाच्या तरी मांडीवर मूल झोपलेलं असायचं, आणि या सगळ्याच्या तळाशी, पाण्याखालून यावी तशी, क्लिओफसची गिटार. पियानोवर हार्लन पेटवे. बँड त्याचा होता, आणि त्याच्या डाव्या हाताची खुर्ची क्लिओफसची. संध्याकाळी बाहेर पडताना डोळे किलकिले करावे लागायचे, आणि दुपार खरी झाली की आपण झोपलो होतो, हेच कळायचं नाही.

मला पहिली शंका आली ती रातकिड्यांवरून. सत्तावन्न सालचा ऑगस्ट. जेवून आम्ही पुढच्या पायरीवर बसलो होतो आणि गवत नुसतं किर्र करत होतं.

“या वर्षी रातकिडे आलेच नाहीत गं, ओझी,” क्लिओफस म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मान थोडी तिरकी करून, खरंच वाट बघत असल्यासारखा बसला होता.

“येतील,” मी म्हणाले.

मग मी लक्ष ठेवायला लागले. किटलीची शिट्टी वाजत राहायची आणि तो शेजारी बसून पेपर वाचायचा. मोटार, पावलं, माझी हाक, सगळं त्याला नीट ऐकू यायचं. प्रेसच्या दणक्यांनी त्याच्या कानांतला फक्त वरचा, बारीक-तीव्र आवाजांचा थर खरवडून नेला होता, म्हणून त्याचं त्याला कळलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, गिटारच मंदावली आहे. त्याने तारा बदलल्या. अॅम्पची वायर बदलली. आणि टोनचं बटण थोडं थोडं वर नेत गेला. वसंतात ते पाचवर होतं. ऑगस्टमध्ये दहावर, त्याच्या पुढे जागाच नव्हती. त्याला तेव्हा कुठे आपला जुना सूर पुसट ऐकू येत असावा. आम्हाला मात्र दातांतून कळ जायची.

मी केस करायचं दुकान चालवायचे. एका शनिवारी पेटवे बायकोला न्यायला आला आणि दारातच माझ्याशी कुजबुजायला लागला.

“ओझेला, तुझा नवरा हल्ली गिटार वाजवतो की पत्रा कापतो?”

“मला काय विचारतोस? शेजारी तू बसतोस.”

“तेच तर. माझा डावा कान रविवारी रात्रभर वाजतो. काल मेबेल विचारत होती, मासे परत का येतात ताटात. मी म्हटलं, बाई, लोकांचे दात आवळलेले असतात, खातील कशाने?”

“मग सांग त्याला.”

“मी?” पेटवेने हातातली टोपी फिरवली. “इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसलाय. मी चुकलो तरी असा वाजवतो की लोकांना वाटतं चूक त्याची. त्याला मी काय सांगू? तू बायको आहेस.”

“म्हणून तर मला येत नाही.”

“क्लीव्हलंडचा तो गिटारवाला टोलिव्हर इथे राहायला आलाय,” तो खाली बघत म्हणाला. “सप्टेंबरात कामगार दिन झाला की मेबेलला बँडशी नवा करार करायचाय. तोवर क्लिओफसचं काही जमलं तर ठीक. नाहीतर ती खुर्ची टोलिव्हरला द्यावी लागेल. मला आवडत नाही बोलायला, पण बोललो.”

“अरे पेटवे, जरा हळू बोल,” कोपऱ्यातून माझं जुनं गिऱ्हाईक डेलोरिस म्हणाली. “ड्रायरखाली बसलं म्हणून माणूस बहिरं होत नाही.”

पेटवे हसला. मला हसता आलं नाही. ती खुर्ची गेली असती तर क्लिओफसकडे नुसता प्रेस उरला असता.

त्या रात्री जेवताना मी सांगणार होते. त्याने मक्याचा ब्रेड मोडला, अर्धा माझ्या ताटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कुठलं गाणं संथ वाजवणार ते सांगायला लागला. मी ऐकत राहिले.

त्या रविवारी टोलिव्हर आला. नुसताच ऐकायला, गिटार न घेता. तिशीतला, नीटनेटका माणूस. मध्यंतरानंतर पेटवेने त्याला बँडच्या चौथऱ्यावर बोलावलं तेव्हा क्लिओफसने स्वतः उठून आपली गिटार त्याच्या हातात दिली. असं करायची पद्धत होती. आणि दुसरीही एक पद्धत होती, ती कुणी कुणाला शिकवत नसे: दुसऱ्याची गिटार घ्यावी, वाजवावी, पण तिच्या बटणांना हात लावू नये. ती मालकाने जिथे ठेवलीत तिथेच वाजवायची. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर आपण मीठ मागत नाही, तसंच.

टोलिव्हरने एकदा तारांवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा आंबट झाला, आणि विचार करायच्या आधीच त्याची करंगळी बटणाकडे गेली. बटण खाली आलं. त्याने पुन्हा अंगठा फिरवला.

खोली सैल पडली. दुसरं काय म्हणू? मेबेल हातात ताटं घेऊन चालली होती, ती तिथेच थांबली आणि तिचे खांदे खाली आले. दाराजवळ बसलेल्या, चर्चच्या म्हाताऱ्या डीकनने डोळे मिटले. पेटवेने पियानोवरून वर पाहिलं. सबंध उन्हाळ्यात पियानोवर बसून तो पहिल्यांदा हसत होता. तो उन्हाचा पट्टासुद्धा टेबलावर जरा आडवा झाल्यासारखा मला वाटला.

क्लिओफस बारला टेकून उभा होता. तो टोलिव्हरच्या बोटांकडे बघत नव्हता. तो लोकांकडे बघत होता, एकेका टेबलाकडे. मग माझ्याजवळ येऊन वाकला.

“गिटार बंद पडली का गं?”

“नाही.”

“मला नुसती ठकठक ऐकू येतेय. लांबून कुणी गादी झोडपावी तशी.” त्याने पुन्हा एकदा खोलीवरून नजर फिरवली. “मग हे सगळे काय ऐकतायत?”

“तुझा सूर,” मी म्हणाले.

तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि गाणं संपेपर्यंत हलला नाही. टोलिव्हर गिटार परत द्यायला आला तेव्हा त्याला आपण काय केलं ते आठवलं असावं. “मिस्टर व्हिटलो, माफ करा. हात आपोआप गेला,” तो म्हणाला.

“असू दे,” क्लिओफस म्हणाला. “हाताला कळलं, मला नाही कळलं.”

घरी येताना आम्ही चालत आलो. दोघांच्या मध्ये गिटारची पेटी होती, तिसऱ्या माणसासारखी. त्याने मला विचारलं नाही की तुला कधीपासून ठाऊक होतं. पुढचे चार दिवस पेटी पलंगाखाली होती. तो कामावर जायचा, यायचा, पायरीवर बसायचा. मी शेजारी बसले की सरकून जागा द्यायचा, इतकंच.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा सोलत होते. तो पेटी घेऊन आत आला, अॅम्प खुर्चीवर ठेवला आणि गिटार मांडीवर घेतली.

“रातकिडे आहेत?”

“आहेत.”

“पुष्कळ?”

“कान किटलेत माझे.”

त्याने मान हलवली. “आणि मी चर्चमध्ये सांगत होतो, कारखान्याच्या धुराने मेले म्हणून. सगळे हो हो करत होते.” मग म्हणाला, “ये. बटण लाव.”

“ते तुझं बटण आहे, क्लिओ. मी नाही हात लावणार.”

“माझं राहिलं नाही ना आता ते. मी वाजवतो, तू फिरव. तुला ठाऊक आहे कुठे असायचं.”

मी हात पुसले. तो एकच तार वाजवत राहिला, पुन्हा पुन्हा, सावकाश. मी बटण दहावरून खाली आणायला लागले. सूर स्वयंपाकघरात हळूहळू उतरला. आधी भांड्यांवरून गेला, मग टेबलावरून, मग शेंगांच्या ढिगावरून. आणि एका जागी तो मला भेटला. मी बोट काढलं. तीन आणि चारच्या मध्ये.

“लावलंस?”

“लावलं.”

“ही तर गोधडीखाली गेली.” त्याने वाकून हनुवटी गिटारच्या कडेवर टेकवली आणि पुन्हा वाजवलं. लाकडातून काहीतरी त्याच्या हाडांत शिरलं असावं, कारण तो बराच वेळ तसाच राहिला. “इथून थोडं येतं. पण असं कुबड काढून मेबेलकडे कसं बसणार?” मग सरळ झाला. “ओझी, मला जे ऐकू येत नाही, ते मी लोकांना द्यायचं कसं?”

मी शेंगा पुढे ओढल्या. हातात काही असलं की मला सुचतं.

“रताळ्याची पाई, गोड सारण भरून भाजतात ती, करते मी चर्चसाठी,” मी म्हणाले. “ती मला चाखता येते का? कापलेली पाई घेऊन गेले तर सिस्टर हॅटी वर्षभर बोलेल. मी अंदाजाने गोड घालते आणि झाकून नेते. मग पहिला तुकडा कुणीतरी तोंडात घालतं, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत असते.”

त्या रात्री झोपताना क्लिओफसने पेटी पलंगाखाली सारली नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

कामगार दिनाच्या आदल्या दिवशी, रविवारी, मेबेलचा बार भरला होता. टोलिव्हरही आला होता, आणि या वेळी गिटार घेऊन. ती त्याने खुर्चीमागे ठेवली होती, दिसू नये अशी, पण सगळ्यांना दिसत होती. क्लिओफस वर चढला, पेटवेच्या डाव्या हाताला बसला, वायर लावली, आणि वाजवायच्या ऐवजी गिटार उभी धरून सरळ माझ्याकडे पाहिलं. मला उठावं लागलं. सगळ्यांच्या देखत मी वर गेले आणि बटण लावलं.

“अगं ओझेला, नाकसुद्धा पूस त्याचं जाता जाता,” मेबेल बारमागून म्हणाली आणि लोक हसले. क्लिओफसही हसला.

पेटवे हसला नाही. त्याने बटणाकडे पाहिलं, मग क्लिओफसच्या कानाकडे, आणि मला वाटतं त्याला सगळं समजलं. त्याने अगदी हळू सुरुवात करून दिली.

क्लिओफसने ते संथ गाणं वाजवलं. पहिल्याच सुराला मेबेलचे हात थांबले. मी जागेवर परत येऊन बसले होते आणि तो माझ्याकडे बघत होता. तारांकडे नाही, पेटवेकडे नाही, माझ्याकडे. माझा चेहरा जिथे मऊ पडत होता तिथे तो जरा रेंगाळत होता. एकदा त्याचा अंगठा जड पडला, माझ्या कपाळाला आठी पडली असेल, पुढच्या सुरात तो हलका झाला. त्याचे सूर माझ्याकडे येत होते आणि माझ्या तोंडावरून त्याच्याकडे परत जात होते. त्या वाटेवर कुठे तो होता आणि कुठे मी, मला सांगता येत नव्हतं.

डेलोरिस माझ्या कानाला लागली. “लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा अजून असा बघतो? माझा नवरा असा फक्त रेडिओवर बॉक्सिंग लागलं की बघतो.”

मला हसू फुटत होतं. मी ते गालाच्या आत चावून धरलं, कारण हसले असते तर त्याला वाटलं असतं काही चुकलं. मग रडू यायला लागलं, तेही धरलं. गाणं संपेपर्यंत मला दुसरं काही करायची मोकळीक नव्हती. जे ऐकत होते तेवढंच माझ्या तोंडावर असायला हवं होतं.

गाणं संपलं तेव्हा टोलिव्हरने आपली गिटार उचलली, वर जाऊन क्लिओफसच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला. पेटवेने पियानोचं झाकण लावता लावता म्हटलं, “पुढच्या रविवारी, तीनला. उशीर नको.” ते तो मला म्हणाला होता.

त्यानंतर मी रविवार चुकवला नाही. एका हिवाळ्यात तापात असतानाही गेले, आणि घरी आल्यावर क्लिओफस म्हणाला, आज सूर जरा गरम होता का गं. टेबल माझं ठरलेलं होतं, दिव्याच्या बरोबर खाली. आमच्यातल्या बायका तेव्हा मोठ्या काठाच्या हॅट घालायच्या. मी माझ्या हॅटचा पुढचा काठ वर दुमडून पिन लावायचे, चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून.