फुसाएची चूक

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझी एक कळ तुटली आहे आणि आतला रबरी पट्टा सैल झाल्यामुळे माझ्यातलं संगीत जरा मंद चालतं. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. टेपवर जे उमटलं असेल तेच मी सांगतो. त्यात भर घालत नाही, काही गाळतही नाही. हाच माझा गुण, आणि तोच मला नडला.

कारखान्यातून मी जपानमधल्या ओनोमिची गावी तोकुजी कुवाबारांकडे आलो. ते तापमापी तपासायचे. अर्ध्या अंशाचा फरक दिसला की तापमापी बाद. घरी मात्र त्यांना एक चूक फार आवडायची. त्यांची बायको फुसाए कोतो या वाद्याच्या तेरा तारांवर एक जुनी गत वाजवायची आणि दर वेळी एकाच जागी अडखळायची. एकदा तोकुजींनी गुपचूप माझी लाल कळ दाबली. फुसाए तीनदा अडली, तीनदा हसली. चौथ्यांदा "जाऊ दे बाई, पुढे जाऊ या!" म्हणाली आणि तेवढा तुकडा सोडून शेवटपर्यंत वाजवत गेली.

ती गेल्यावर तोकुजी ही टेप रोज लावत.

म्हातारपणी आपल्या निरोपाची वही भरून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. अंत्यविधीला कोणता फोटो, कोणती फुलं, सगळं त्यात लिहायचं. तोकुजींच्या वहीत संगीताचाही रकाना होता: 'आयुष्याबद्दल तुम्हाला जे वाटतं ते सांगणारी एक रचना निवडा.'

"मी तर पन्नास वाद्यांचा ताफा लावणार!" त्यांचा मित्र मियोशी म्हणाला. "कोण गेलं ते गावाला कळू दे."

"जन्मभर मासळी विकलीस, आणि पन्नास वाद्यं?"

"म्हणूनच! मेल्यावर तरी वास जाऊ दे. तुझं काय ते सांग."

तोकुजींनी माझी कळ दाबली. फुसाए अडली, हसली.

"अरे, चुकली ही!"

"तेच म्हणायचंय मला. अडलं की हसायचं, पुन्हा धरायचं. नाहीच जमलं तर सोडून पुढे जायचं. यापलीकडे मला काही कळलेलं नाही."

मियोशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "माझा ताफा रद्द."

वहीत तोकुजींनी फक्त गतीचं नाव लिहिलं, आणि 'टेप यंत्रातच आहे' एवढंच. कारण लिहिलं नाही. आपले विचार लिहून ठेवणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं असावं.

फेब्रुवारीत ते गेले. त्यांचा मुलगा कात्सुहिरो याने टेप ऐकली आणि तो अवघडला.

"पाहुणे एवढ्या लांबून येणार," तो अंत्यविधीच्या सभागृहातल्या बाईंना म्हणाला, "आणि त्यांना आईच्या चुका ऐकवायच्या?"

"गत तीच ठेवू या," त्या अदबीने म्हणाल्या. "आमच्याकडे निर्दोष वाजवलेली आहे."

विधीच्या दिवशी मला पांढऱ्या शेवंतीशेजारी मांडलं, वडिलांची आवडती वस्तू म्हणून. टेप माझ्या पोटात होती आणि माझी वायर गुंडाळलेली होती. भिंतीतल्या स्पीकरमधून कुणा परक्या हातांची गत वाहू लागली. मियोशी गुडघ्यावर बोटाने ठेका धरत होता. ती जागा आली आणि त्याचं बोट आपोआप थांबलं. गत थांबली नाही, सफाईने पुढे गेली. मियोशीने दचकून माझ्याकडे पाहिलं.

दारात कात्सुहिरोने वाकून विचारलं, "काका, सगळं नीट झालं ना?"

मियोशीही वाकला. "फार सुरेख झालं," तो म्हणाला.

खरं त्यानेही सांगितलं नाही. मुलाला वाईट वाटू नये म्हणून.

आता मी कचऱ्याच्या खोक्यात आहे. उद्या गाडी येईल. फुसाए अजून माझ्या आत आहे, तीनदा अडलेली, तीनदा हसलेली. मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझा पट्टा तसाही तुटायला आला आहे. पण कुणी आपल्या आयुष्यासाठी एखादं संगीत निवडून ठेवलं असेल, तर ते सुधारू नका. ते का निवडलं, हे माणूस जिवंत असतानाच विचारा. घरात सगळे होते. तोकुजींना ते फक्त एका मासळीवाल्याने विचारलं.