पाच वीत, चार बोटं

"दोन वीत, एक बोट," सावळीराम पागारे म्हणाला आणि बाकावरून हात उचलला.

झुंबर आहेरने कपाळाला हात लावला. "पागारे, दीड तरी म्हन. बोट जरा तिरपं धर."

"एक."

"शेपटी ओढून धरली असती तर?"

"ओढूनच धरली होती."

वाल्मीक आणि चंदर हसले. गंगापूर फाट्यावरच्या कुसाबाईच्या चहाच्या टपरीपुढे लाकडी बाक होता. त्यावर ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर झुंबरने पकडलेली मरळ पडली होती. मरळीच्या तोंडापाशी बाकावर कोळशाची उभी रेघ होती आणि रेघेच्या डोक्यावर एक टिंब. मासा बुळबुळीत असतो, मोजताना सरकतो. म्हणून सावळीराम कुसाबाईच्या चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आधी खूण करी, मग त्या खुणेपासून वीत टाकी. टिंब कशाला, असं कोणी विचारलं तर तो म्हणे, "रेघ कोणीही मारतं."

या चौघांचा एक नियम होता. आपल्या माशाचं माप आपण सांगायचं नाही, जोडीदाराने सांगायचं. जोडीदाराने मासा पाण्यातून येताना पाहिलेला असला पाहिजे. न पाहिलेला मासा मापात धरायचा नाही. १९६९ साली एका रविवारी झुंबरने साडेतीन विती म्हणून सांगितलेला शिवडा मासा पिशवीतून बाहेर काढल्यावर दोन विती निघाला होता. नियम त्या दिवशी झाला, आणि तो झुंबरनेच सुचवला. "माझ्या जिभेवर माझाच भरवसा नाय," तो म्हणाला होता.

वाल्मीक शिंपी होता, चंदर वायरमन. ती एक जोडी. झुंबर एस.टी.त कंडक्टर, नाशिक-कळवण गाडीवर. त्याच्या वाट्याला सावळीराम आला. सावळीराम पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता. तासातासाला टाकीची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे त्याचं काम. अंदाजाने त्याने कधी आकडा लिहिला नाही. झुंबर मात्र सावळीरामचे मासे सढळ हाताने मोजायचा. अडीच विती झाल्या की "धर तीन" म्हणायचा. सावळीराम तिथल्या तिथे ते दुरुस्त करी. त्यामुळे झालं असं की दोघांचेही मासे कायम जेवढ्यास तेवढेच राहिले आणि वाल्मीक-चंदरचे वाढत गेले.

"याच्याशी लगीन लावलं असतं तर पोरंबी मोजून झाली असती," झुंबर कुसाबाईला म्हणाला.

"तुमच्या तोंडाला असाच पायजे," कुसाबाई म्हणाली आणि चहाचे ग्लास मांडले.

चहा झाला की झुंबर गोष्टी सांगे. त्यातली एक ठरलेली होती. एप्रिल १९७८ची, बिबट्याची.

गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, काश्यपी नदीच्या पात्रात एक डोह होता. त्यावर एक उंबर वाकलेला होता. पिकलेली उंबरं पाण्यात पडत आणि ती खायला खडस येत. साहेब लोक ज्याला महसीर म्हणतात, तो हा मासा. त्या रविवारी दिवस उगवायला झुंबर आणि सावळीराम तिथे होते. झुंबरने गळाला उंबर लावलं होतं आणि तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोरीचे, तीन वेढे डाव्या मनगटाला दिले होते. असं करू नको, हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. दोरी मनगटाला बांधली की बिडी पेटवायला दोन्ही हात मोकळे राहतात, हे त्याचं उत्तर.

"बिडी पेटली अन् खडस लागला," झुंबर सांगे. "असा झटका, गुडघ्यावरच आलो पान्यात. तंगूस मनगटात घुसलं. सुटंना. तेवढ्यात मागं करवंदीच्या जाळीत खसखस. बघतो तर बिबट्या. ह्या टपरीपासून त्या वडापर्यंत, बस. पान्यावर आला होता बिचारा, त्याची काय चूक. म्होरून मासा वढतोय, मागून हा बघतोय. मासा म्हनतो सिंगल बेल, थांब. बिबट्या म्हनतो डबल बेल, जाऊ दे. कंडक्टरनं करावं काय?"

इथे सगळे हसत. मग झुंबर आवाज खाली आणी.

"हा पागारे दहा पावलांवर. पळाला असता तर कोन काय म्हननार होतं? पळाला नाय. चाकू उघडून माझ्याकडं आला. बिबट्याकडं तोंड करून उभा राहिला. अन् तंगूस कापलं. ही बघा खूण." मनगटावर तीन पांढरे वळ होते, ते तो सगळ्यांपुढे धरी. "मासा गेला. जिंदगीचा मासा व्हता. आता केवढा व्हता ते मी बोलनार नाय. नियम हाय. पागारे, केवढा व्हता?"

"पाहिला नाही," सावळीराम म्हणे. "माझं लक्ष बिबट्याकडे होतं."

"बगा. नशीब."

गोष्ट इथे संपे. नऊ वर्षांत झुंबरने ती कितीदा सांगितली याची गणती नाही. बिबट्याचं अंतर हळूहळू कमी होत गेलं, करवंदीची जाळी कधी बांबूची झाली, पण माशाचा आकडा त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. प्रत्येक वेळी तो विचारी आणि प्रत्येक वेळी सावळीराम तेच उत्तर देई.

ते उत्तर खोटं होतं.

सावळीराम चाकू उघडून झुंबरपाशी पोचला, तोवर खरंच त्याची नजर बिबट्यावर होती. बिबट्याने मान वळवली. अंग आकसलं, आणि तो आल्या वाटेने जाळीत शिरला. शेपटीचं टोक आत जाताना सावळीरामने पाहिलं. मग त्याने खाली पाहिलं. झुंबर पाठमोरा होता. त्याची नजर पाण्यावर होती. बिबट्या गेला हे त्याला कळलं नव्हतं. त्याच्या पुढ्यात काळा खडक होता आणि त्या खडकाला लागून खडस कुशीवर आला होता. दमला होता. कल्ले उघडत होते, मिटत होते. रुपयाएवढे खवले, पिवळसर पोट. तोंड खडकाच्या कोपऱ्याशी, शेपूट खडकाच्या भेगेशी. चार-पाच श्वास तो तसाच राहिला. हात घातला असता तर कल्ल्यात बोटं गेली असती.

चाकूचं पातं तंगुसावर होतं. सावळीरामने ते ओढलं.

का ओढलं, हे त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती अजून हातात होती, हे एक उत्तर होतं. दुसरं उत्तर असं की इतका मोठा मासा त्याच्या गळाला कधी लागला नव्हता. दोन्हींतलं कोणतं खरं, ते त्याला ठरवता आलं नाही. आणि ज्याचा आकडा ठरला नाही ते तो कधी लिहीत नसे.

'मासा पाहिला' म्हणायचं तर बिबट्याकडे पाहत नव्हतो, हे आलं. मग बिबट्या गेला होता, हेही आलं. म्हणून तो 'पाहिला नाही' म्हणत राहिला.

१९८७च्या पावसाळ्यानंतर झुंबरची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. महिनाभर दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पंचवटीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. एका रविवारी दुपारी सावळीराम, वाल्मीक आणि चंदर त्याला भेटायला गेले. झुंबर खाटेवर उशीला टेकून होता. पाय सुजलेले, चेहराही सुजलेला. मनगटावरचे वळ सुजेत बुडाले होते.

"या," तो म्हणाला. "मासा आनला का?"

"डॉक्टरांनी बंद केलाय ना," त्याची बायको यशोदाबाई म्हणाली. "बसा भाऊजी."

"बंद खायला केलाय. बघायला कुठं केलाय."

सावळीराम खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. बाकीचे दोघे चटईवर. धरणाला पाणी किती, कुसाबाईने टपरीवर नवे पत्रे टाकले, अशा गोष्टी झाल्या. मग झुंबर बिबट्याच्या गोष्टीकडे वळला. बोलताना मधे थांबायला लागत होतं. सिंगल बेल, डबल बेल झालं. चटईवरचे दोघे हसले, जरा मोठ्यानेच. चाकू झाला. तंगूस कापून झालं.

"अन् केवढा व्हता," झुंबर म्हणाला, "ते मी बोलनार नाय." त्याने मान वळवली. "पागारे, केवढा व्हता?"

सावळीरामने हात मांडीवर उताणा ठेवला होता. त्याने तो पालथा केला, अंगठा आणि करंगळी ताणली.

"पाच वीत, चार बोटं."

यशोदाबाई आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"पागारेभाऊ," वाल्मीक म्हणाला, "तुम्ही तर म्हणायचे, पाहिला नाही."

"पाहिला होता. काळ्या खडकाला लागून आला होता. तोंड कोपऱ्याला, शेपूट भेगेपाशी. नंतर जाऊन खडक मोजला मी."

"मग बिबट्या?" चंदर म्हणाला.

"गेला होता. मी कापलं त्याच्या आधीच गेला होता."

"अहो मग कापलं कशाला?"

सावळीराम झुंबरकडे पाहत म्हणाला, "ते मला सांगता येत नाही."

झुंबरने डोळे मिटले होते. यशोदाबाईला वाटलं त्याला झोप लागली. तिने चहाचे कप खाली ठेवले, पुढे होऊन पांघरूण सारखं केलं. तेव्हा तो बोलला.

"चार? मला तीनच भरली."

"काय तीन?"

"बोटं. पाच वीत, तीन बोटं. माझा पंजा मोठा हाय तुझ्यापेक्षा." त्याने डोळे उघडले. "कवा गेला व्हता मोजायला?"

"त्याच आठवड्यात. गुरुवारी."

"मी शुक्रवारी."

सावळीरामने स्टूल खाटेजवळ ओढलं.

"मासा मीबी बघितला व्हता की," झुंबर म्हणाला. "माझ्याच म्होरं व्हता तो. मी म्हनलं, पागारेनं काय पाहिला नसल, त्याची नजर बिबट्याकडं. आपल्यापुरतं तरी मोजून ठेवू. म्हनून गेलो. तर खडकाच्या कोपऱ्याला, पान्याच्या पांढऱ्या डागावर कोळशाची रेघ. अन् डोक्यावर टिंब."

चहावर साय धरली होती. चंदरने कप उचलला आणि परत ठेवला.

"नऊ वर्षं ठाऊक होतं तुला," सावळीराम म्हणाला.

"व्हतं."

"मग दर रविवारी विचारायचास कशाला?"

"नियम हाय," झुंबर म्हणाला. "माप जोडीदारानं सांगायचं. तू सांगशील तवाच माझा मासा." थोडा दम खाऊन तो म्हणाला, "पन चाकू घेऊन आला तवा बिबट्या व्हता. तेवढं मी बरोबर सांगत आलोय. नाय का?"

"बरोबर आहे."

"मग झालं. यशोदे, वाल्मीकचा चहा निवला, दुसरा दे."

निघताना सावळीरामने चप्पल घातली. तेवढ्यात झुंबरने आतून हाक मारली. "पागारे, पाच वीत तीन बोटं लावायचं का चार?"

"चार," सावळीराम म्हणाला. "माप माझं आहे."

झुंबर हसला. बारा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, तो गेला.

दोन महिने सावळीराम पाण्यावर गेला नाही. जानेवारीतल्या एका रविवारी बायकोने, लंकाबाईने, गळांचा डबा सायकलच्या हँडलला अडकवून ठेवला. तो काश्यपीच्या डोहावर गेला. उंबराखाली बसला. काळा खडक अर्धा पाण्यात होता. नऊच्या सुमारास खडस लागला. मनगटाला वेढा न देता, दोरी बोटांतून सोडत आणि ओढत त्याने अर्ध्या तासात तो काठावर घेतला. आजवरचा त्याचा सगळ्यात मोठा मासा होता.

फाट्यावर वाल्मीक आणि चंदर आधीच आलेले होते. सावळीरामने सायकल लावली. मासा गोणपाटासकट बाकावर ठेवला. शेपूट बाकाच्या बाहेर लोंबलं.

"बापरे," वाल्मीक उठून उभा राहिला. "किती?"

सावळीराम बाकाच्या टोकाला बसला. कुसाबाईने चुलीतून एक विझलेला कोळसा काढला, पदराने पुसला आणि सवयीने त्याच्यापुढे धरला. मग तिच्या लक्षात आलं, मासा त्याचा स्वतःचा आहे. पण हात तिने मागे घेतला नाही.

"द्या, मी मोजतो," वाल्मीक म्हणाला. "त्यात काय एवढं."

"तू होतास का तिथं?"

वाल्मीकने चंदरकडे पाहिलं. दोघेही खाली बसले.

सावळीरामने कुसाबाईच्या हातातून कोळसा घेतला. बाकावर माशाच्या तोंडापाशी जुन्या रेघांचे पुसट डाग होते, कुठे कुठे टिंबही शिल्लक होतं. थोडा वेळ त्याने कोळसा बोटांत धरून ठेवला. मग वाकून तो चुलीत परत टाकला, धोतराला बोटं पुसली आणि चहाचा ग्लास घेतला.