वाघोबाला बोललेला कोंबडा

मी रखमीच्या अंगणातला तांबडा कोंबडा बोलतोय. जरा घाईतच बोलतोय, कारण समोरच्या गवतात मघापासून काहीतरी हलतंय.

शहापूरकडच्या शेणवे गावाच्या पुढे डोंगराला लागून आमची वाडी. चुलीमागच्या टोपलीत माझा जन्म झाला. भावंडांतली काही घारीने नेली, उरलेली पाहुण्यांनी खाल्ली. मी वाचलो तो देवाच्या नावावर. रखमीची सून दिपिका, तिची दोन बाळं पाचवीच्या आतच गेली होती. तिसरं पोटात असताना रखमी मला काखेत धरून वाडीबाहेरच्या वाघोबापुढे, आमच्या वाघदेवापुढे, उभी राहिली. "देवा, या बारीला बाळ जगव. वाघबारशीला हा कोंबडा तुजा."

घरी येऊन तिने कात्रीने माझे पंख कातरले. देवाची ठेव उडून जायला नको ना!

मग माझा थाट काय विचारता! तांदळाची कणी, नाचणी, वर मायेचा हात. माणसं ज्याला मारायचं ठरवतात त्याला फार जपतात. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कोंबड्याला कुणाच्या ना कुणाच्या हातून जायचंच असतं, आणि माझ्या जाण्याला निदान कारण होतं. बाळ जगलं. पाच महिन्यांचं झालं. मी आरवलो की ते मान वळवून हसायचं आणि मी उगाच आणखी दोनदा आरवायचो.

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस चार दिवसांवर आली आणि दारात एक पांढरी गाडी थांबली. आदेश आणि समीक्षा, ठाण्याचं जोडपं. सुट्टीत रमतगमत माळशेजला निघालेलं. शहापुरात मिसळ खाल्ली, भातसा धरणाच्या पाण्यातली बेटं बघितली, आता पिवळं भात बघायला उतरले होते. समीक्षाला मी फार आवडलो. फोटो काढता काढता तिने माझी चौकशी केली आणि भोळी रखमी सगळं सांगून बसली.

"शी! या एवढ्या गोड जिवाला कापणार?" समीक्षाने लगेच मोबाइल रखमीच्या तोंडासमोर धरला. "पुन्हा बोला आजी, काय करणार ते."

"आम्हाला द्या तो," आदेश म्हणाला. "नाहीतर हा व्हिडिओ टाकतो. पोलीस येतील दारात."

"ताई, तो आमचा नाय, वाघोबाचा हाय. देवाचा तुमाला कसा देऊ?"

रखमीचा नवरा लखमा पोलिसाचं नाव ऐकूनच घाबरला. "देऊन टाक गो. दुसरा घेऊ."

"दुसरा कसा चालंल? देवाला हाच बोललाय ना!"

पण लखमाने मला उचलून गाडीत दिलं. दारात दिपिकाने बाळाचं तोंड पदराने झाकलं. गाडी निघाली तशी रखमी मागे धावली. "ताई, चारच दिस ठेवा त्याला! मग मी चालत येईन न्यायला!" काच वर गेली.

मी आरवू नये म्हणून आदेशने माझ्यावर टॉवेल टाकला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं माणसंच म्हणतात. टॉवेलखाली मला तरी काही उजाडेना.

समीक्षाने माझं नाव हीरो ठेवलं. किन्हवलीला भजी झाली, नदीच्या पुलावर फोटो झाले, सरळगावजवळ जेवण झालं. तिने प्रेमाने मला रस्साभात आणून दिला. भूक लागली होती, मी चाटूनपुसून खाल्ला. मग आदेश ढेकर देत म्हणाला, "गावठी चिकन म्हणजे गावठी चिकन!" माझी चोच तशीच उघडी राहिली.

ऊन उतरताना घाट आला. समीक्षाने मला दोन्ही हातांनी वर धरलं. "जा हीरो, तू मोकळा आहेस!" आणि फेकलं. मी पोत्यासारखा आदळलो.

"अगं, व्हिडिओ नीट आला नाही. पुन्हा घे," आदेश म्हणाला.

तीनदा फेकलं. तिसऱ्या वेळी पाय मुरगळला. "लाजतोय बघ," ती हसली, आणि खाली वाकून माझ्या तुऱ्याची पापी घेतली. तिचे डोळे खरंच पाणावले होते. या बाईचा मला राग येतो तो त्या पाण्यामुळे. खोटं असतं तर सोडून दिलं असतं.

"एक जीव वाचवला रे आपण," ती म्हणाली. मग घाटाखालच्या वैशाखऱ्याला चहा घ्यायचा म्हणून दोघं माघारी फिरली.

आता उजेड कमी झालाय. झाडावर चढावं तर पंख नाहीत, पळावं तर पाय नाही. तिकडे रखमी बाळाच्या उशाशी बसली असेल. बाळ शिंकलं तरी तिचा जीव उडेल, आणि उद्या काही झालं तर वाडी तिलाच म्हणेल, देवाचा घास तू पाहुण्यांना दिलास.

गवत पुन्हा हललं. मुंगूस असेल, रानमांजर असेल, तर मी फुकट गेलो.

वाघोबा, रखमीची चूक नाही रे. मला गाडीत घालून आणलं. चार दिवस आधी आलोय, तेवढं सांभाळून घे. मी पळणार नाही. गवतात तूच आहेस ना? तूच ये.