अडीच कट्टे

"तूच म्हनला होता ना बे, बारीक कर म्हून! आता माह्यावर कायले डाफरून राहिला?"

हिमांशु खुर्चीवरून उठलाही नाही. हात माउसवर, तोंड माह्याकडं. माह्या मामाचा पोट्टा आहे, तिरोड्याच्या बसस्टँडमांगं त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. दोनच वर्सानं मोठा, पन बोलते असा की माहा बापच.

"थोडासा म्हनलं होतं," मी म्हनलं. "थोडासा! तू तं मले उदबत्ती करून टाकलं."

"फुकटात केलं ना बे. लोकं जिममंदी पैसे भरतेत त्याच्यासाठी."

"नवीन फ्लेक्स काढून दे."

"आत्ता?"

"आत्ता. पाच वाजता गेटवर लागला पायजे."

"पागल झाला का? आज इतवार. दोन बड्डे आहेत, एक तेरवी आहे..."

"तेरवीवाला थांबते. त्याले कुठी जाचं नाही आता."

माहे योगाचे कैलाश गुरुजी म्हनत, खेमराज, राग आला की पयले दहा श्वास मोज, मंग तोंड उघड. मी आजवर चारच्या पुढं गेलोच नाही. आज तं दोनवरच टेबलावर हात आपटला अन् माउस खाली पडला. हिमांशुनं तो उचलला, पुसला, अन् म्हनला, "वा रे योग शिक्षक. फोटो आन मंग, खरा."

फोटो नोयता माह्याकडं. म्हंजे होते, पन सगळे गळ्यापर्यंतचे. मी गळ्याच्या खाली फोटो काढूच देत नोयतो. मंग दुकानातच पांढऱ्या भिंतीले उभा राहिलो, दोन्ही हात वर, ताडासन. हिमांशुनं मोबाइल धरला.

"पोट आत घे."

"नाही घेत."

"अबे थोडं तं घे."

मी श्वास सोडला. पूर्न सोडला. पोट बाहेर आलं, कुर्ता टाइट झाला. "आता काढ," म्हनलं.

आता मशीन चालू आहे. खर्र इकडून तिकडं, खर्र तिकडून इकडं. एका येळेस चार बोटं फ्लेक्स बाहेर येते. पाऊन घंटा लागते म्हनला. आतापर्यंत फक्त माहे हात अन् केस निघाले.

तोवर सांगून टाकतो.

माहं गाव बोदलकशाच्या तलावाच्या बांधाखाली. शाळा मी दहावीत सोडली, एका सरासंग भांडन झालं म्हून. भांडन कायचं, तं त्याच्या आदल्या दिवाळीले आमी धान विकाले गेलो होतो. काट्यावाल्या बाबूले मस्ती आली. म्हनला, टुऱ्या, चढ काट्यावर, तुहंही माप घेऊ. पोट्ट्याले टुऱ्याच म्हनतेत इकडं. मी चढलो. बरोबर शंभर किलो. आमच्या इकडं धानाचा कट्टा चाळीस किलोचा असते. बाबू ओरडला, "अडीच कट्टे!" तिथं गावातले वीस-पंचवीस जन लाइनीत उभे होते. झालं. गावात तेच नाव पडलं. शाळेत सरानं हजेरी घेताना तेच म्हनलं, अन् मी डस्टर फेकून मारला. लागला नाही सराले, खिडकीले लागला. मी दफ्तर घेतलं अन् घरी आलो. परत गेलो नाही.

मंग घरी बसून का करू? कैलाश गुरुजी सकाळी समाजमंदिरात योगा घेत. बाबानं मले तिकडं ढकललं, बारीक होईन म्हून. दोन वर्सं केला. बारीक झालो नाही, सहा किलो वाढलोच. पन पाय दुखनं बंद झालं, अन् मी असा वाकाले लागलो की गुरुजी पाहतच राहत. त्यायचं खुब्याचं हाड मोडलं अन् पोराकडं नागपुरले गेले, तवा सगळ्यायच्या समोर म्हनले, आता हा घेईन वर्ग.

पयल्या दिवशी बाया हासल्या. त्यायच्यातली कुंदाकाकी तं पदर तोंडात घालून हासली. रोवन्याचे दिवस होते. आमच्या इकडच्या बाया दिवसभर चिखलात वाकून, मांगं मांगं सरकत धान रोवतेत. गुरुजी त्यायले सकाळी अजून समोरच वाकवत. मी म्हनलं, हे बंद. समाजमंदिराच्या भिंतीले पाठ करून उभ्या राहा, हात कंबरेवर ठेवा, अन् मांगं वाका. दिवसभर जे केलं त्याच्या उलटं. चौथ्या दिवशी कुंदाकाकी म्हनली, "टुऱ्या, माही कंबर दोन सालानं सरळ झाली रे." तवापासून कोनी हासत नाही. म्हंजे हासतेत, पन येतेत.

पाहा, हे मले कोनी शिकवलं नाही. माहं पोट मधात येते, म्हून मले दुसरा रस्ता शोधा लागते. समोर वाकताना पाय जोडून वाका म्हनतेत सगळे. मी म्हनतो, पाय फाकवा, पोटाले जागा द्या, तेही तुमचंच आहे. पायाचा अंगठा हातात येत नाही? दुपट्टा अडकवा तळपायाले. गुडघा छातीवर येत नाही? काखेकडं आना. बारीक मानसाले हे सुचतच नाही, त्याले कायची अडचन?

आता नाक निघालं मशीनीतून. नाकावरची पुटकुळीही निघाली. हिमांशु विचारते, "पुसू का?" म्हनलं, राहू दे.

कुंदाकाकी तिरोड्याच्या एका कॉलनीत मंजू मॅडमकडं तांदूळ पोचवते. तिनं तिथं सांगलं, आमच्या गावात योगाचा मास्तर आहे, मस्त शिकवते. मॅडमनं फोन केला. हिंदीतच बोलतेत त्या. म्हने, शाम को पाँच बजे लेडीज बैच शुरू करेंगे, पहले एक हफ्ता देखेंगे, जमलं तं पक्कं. गेटवर एक फ्लेक्स लगा दो फोटोवाला.

इथं मी माती खाल्ली. हिमांशुले म्हनलं, पोट दिसू देऊ नोको, थोडासा बारीक कर. त्यानं कम्प्युटरवर दोन बाजूनं दाबलं. खांदे, गाल, कंबर, सगळं दाबलं. मी पाहिलं अन्, खोटं काऊन बोलू, मले लय आवडला तो. हिरो वाटे. अर्धा घंटा पाहत बसलो. डीपीलेही तोच ठेवला.

सोमवारी पाच वाजता पोचलो. गेटवर अकरा बाया, अन् वर तो फ्लेक्स. मंजू मॅडम माह्या मांगं पाहून राहिल्या. मांगं माही सायकलच होती.

"सर किधर हैं?"

अकरा बाया फ्लेक्सकडं पाहेत, मंग माह्याकडं पाहेत, मंग परत फ्लेक्सकडं. मी श्वास मोजाले लागलो. एक. दोन. अन् तोंडातून निघालं, "सर बाहेरगाव गए. मैं उनका चेला. उनका फोन भी मेरे पास."

बस. त्या दिवसापासून मी माहाच चेला.

शिकवलं मीच. घाम माहा, आवाज माहा. अन् वर्ग संपला की मंजू मॅडम म्हनत, "सर ने कितना अच्छा सिखाया है तुमको! कमर हलकी लग रही. सर को थैंक यू बोलना." मी म्हने, बोलता हूँ. दुसरी एक म्हनली, "सर का डाइट पूछके आना." मले त्या सराचा असा राग याले लागला का सांगू! येत नाही, जात नाही, गेटवर लटकून हासते नुसता, अन् सगळं नाव त्याचंच. एक दिवस येताना मी त्याच्यावर बुक्कीही मारली. फ्लेक्स हालला, तो हासतच होता.

गुरुवारी कुंदाकाकी तांदूळ घेऊन आली. मी सायकल लावून राहिलो होतो. ती गेटवर थांबली, डोक्यावरची बोरी खाली ठेवली, डोळे बारीक करून फ्लेक्स पाहिला.

"हा कोन रे? तुह्यासारखाच दिसते. याले टायफाइड झाला होता का?"

"काकी, हळू बोल ना."

"नाव तं तुहंच लिवलं आहे." मंग तिले समजलं. तिनं कंबरेवर हात ठेवले. "कायले केलं रे असं?"

"शहरातल्या बाया आहेत, काकी. त्यायले असाच मास्तर पायजे."

"अन् आमाले कसा पायजे होता? आमी का वजन पाहून ठेवला तुले?" बोरी डोक्यावर घेता घेता म्हनली, "आपल्या बुढ्यायनं तलाव खोदले. कोनी म्हनलं का, याचं पोट लहान ठेवा म्हून? पोट होतं म्हून खालच्या धानाच्या बांध्या भिजल्या."

"काकी, तलावाले सूर्यनमस्कार घाला लागत नाही."

"तुह्या तोंडाले कोन लागन! मी सांगू का मॅडमले?"

"नोको! मी सांगतो."

पन सांगलं नाही.

त्याच दिवशी वर्ग सुटल्यावर दुर्गेश्वरी मॅडम थांबल्या. वर्गात सगळ्यायच्या मांगं, दाराजवळ उभ्या राहतेत. वजनानं माह्याहून थोड्याच कमी असतीन. पयल्या दिवशी त्यायनं चटईही उघडली नोयती, बसूनच होत्या. मी दुपट्ट्याची युक्ती दाखवली तवा उठल्या. चप्पल घालत, माह्याकडं न पाहता म्हनल्या, "भैया, एक बात बोलूँ? सर नहीं आए तो भी चलेगा."

"काऊन? म्हंजे, क्यों मॅडम?"

"फ्लेक्स देखके तो मैं वापस जा रही थी. सोचा, फिर एक पतला आदमी बोलेगा, दीदी थोड़ा कम खाओ. फिर तुम दिखे, साइकिल लगाते हुए. तो रुक गई." मंग हासल्या. "इनको क्या पता पेट बीच में आता है तो कैसा लगता है. है ना?"

मी म्हनलं, "हाँ."

तिथंच सांगाले पायजे होतं. मॅडम, तो मीच आहे, अन् तो मी नोहोय. तोंड उघडलंही, पन त्या म्हनल्या, "तुम झूठ नहीं बोलते, इसलिए अच्छा लगता है." मंग कसा सांगू? सायकल घेतली अन् निंगालो. मोठ्या रोडपर्यंत अशी दामटली, चेन उतरली दोनदा. घरी जेवलो नाही. माही आई घाबरली, मी जेवलो नाही म्हंजे इतिहासच झाला. मी डोळे मिटून पडलो अन् हिशोब लावला. ती बाई त्या फ्लेक्समुळं परत जाऊन राहिली होती. मी लावलेल्या फ्लेक्समुळं. काट्यावाला बाबू मले पाहून हासला होता, तं मी डस्टर फेकला. अन् इथं मी काय केलं? मीच मले पाहून लपलो.

काल मंजू मॅडमनं सांगलं. "हफ्ता हो गया, सबको पसंद है. संडे को पक्का करते. नारियल फोड़ेंगे, सर को हार पहनाएँगे. सर आए तो ही, हाँ. बिना सर के बैच नहीं चलेगा."

म्हून आज हा फ्लेक्स. सांगाचं तं आहेच, पन मले मालूम आहे, अकरा बाया पाहाले लागल्या की माहं तोंड कुठी पळते. फ्लेक्स पळत नाही. वर एकदा बांधला की बांधला.

आता मशीन पोटावर आली आहे. खर्र, खर्र, लय येळ लावून राहिली. हिमांशु कपाळावर हात मारून म्हनते, "तुह्या पोटापाई मोबाइल नंबर खाली सरकवा लागला. नावाखाली जागा उरली, 'अडीच कट्टे' लिहू का?"

"लिहून पाह. तुही मशीन रोडवर फेकतो."

"मशीन फेकशीन, तं फ्लेक्स कोन देईन?"

"योग शिक्षक लिव. बस."

मशीन थांबली. निंगाला पूर्न. दोघायनं मिळून टेबलावर पसरला. ओला आहे अजून, वास येऊन राहिला. हात वर, पुटकुळी, टाइट कुर्ता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मीच मी. हिमांशु थोडा येळ पाहून म्हनला, "दिसते तं बराच बे." मंग लगेच म्हनला, "पन कपडा लय लागला."

मोबाइल वाजून राहिला. मंजू मॅडम.

"सर आज पक्का आ रहे ना? दुर्गेश्वरी दीदी को भी रोका है, वो तो जा रही थी."

एक श्वास. दोन. तीन. चार. पाच.

"आ रहे मॅडम," मी म्हनलं. "निकल गए."

चाला, मले आता जा लागते. पाच वाजाले दहा मिनिटं आहेत, सुतळी घ्याची आहे, अन् सायकलची चेन परत उतरली आहे.