जाता जाता काढलेली खोडी

"पाठ कर तिकडे," सासूबाई म्हणाल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. मागे मांडणीवर ऑफिसनं मोडीत काढलेले राउटर आणि स्विच लुकलुकत होते, आणि त्यांच्या वायरींत सासूबाईंचा हात शिरला होता.

नेटवर्कची प्रात्यक्षिक परीक्षा अशीच असते. चालतं नेटवर्क मुद्दाम बिघडवून ठेवतात आणि आपण बिघाड शोधायचा. मी दोनदा नापास झाले होते. या खेपेला जमलं तर नेटवर्क विभागात जागा होती, नाहीतर जन्मभर फोनवर 'बंद करून चालू करा' सांगत बसायचं. घरी सराव करायचा म्हटलं तर बिघडवणारीही मीच आणि शोधणारीही मीच; डोळे उघडे ठेवून आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं. मग नवरा म्हणाला, "आईला सांग. तुझ्या खोड्या काढायला तिला शिकवायला नको." सासूबाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, पण दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून हजर झाल्या.

त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून त्या वायरींच्याच मागे लागल्या. एखादी जेमतेम सैल करायच्या, एखादी काढून शेजारच्या भोकात खोचायच्या. मी कीबोर्ड बडवायला लागले की म्हणायच्या, "आधी हात लावून बघ गं. पडद्यात काय डोकं खुपसतेस?" मला राग यायचा, कारण दोन्ही वेळा मी पडद्यात डोकं खुपसूनच नापास झाले होते.

थोरल्या दिरांकडे नातवाला सांभाळायला कोणी नव्हतं. ते कधीचे बोलावत होते आणि सासूबाई 'हिची परीक्षा होऊ दे' म्हणून टाळत होत्या. अखेर परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघी एकदमच घराबाहेर पडलो. मी केंद्रावर गेले, त्या बॅग घेऊन दिरांच्या गाडीत बसल्या.

परीक्षेत शेवटचा बिघाड काही केल्या सापडेना. सगळे दिवे लागलेले, येत होत्या तेवढ्या कमांड देऊन झालेल्या. मग मी खुर्चीतून उठले आणि एकेक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाचपत गेले. एक शेजारच्या भोकात खोचलेली होती. तिथेच, परीक्षकासमोर, मला हसू आलं.

संध्याकाळी निकाल घेऊनच घरी आले. सासूबाईंच्या पलंगावर चादरीची नीट घडी होती. सवयीनं मांडणीवरचं सगळं चालू केलं, तर एक दिवा लागेना. तिथली वायर सैल होती. मी फोन लावला.

"पास झाले, आई. तुमच्यामुळे झाले."

त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाल्या, "ते असू दे. निघताना एक करून ठेवलंय. सापडलं का?"

माझं बोट त्या वायरीवरच होतं.

"नाही हो आई. शोधतेय."

"शोध, शोध. नाहीच सापडलं तर आल्यावर मी दाखवीन," त्या खुशीत म्हणाल्या.

मी वायरीवरचं बोट काढून घेतलं.