एक सही कमी

सोमवारी सकाळी लेकीला, इडाला, पाळणाघरात सोडायला गेले, तेव्हा तिथल्या ओडालिसनं मला दारातच थांबवलं. इडा आठ महिन्यांची असल्यापासून दिवसभर हिच्याच कडेवर असते.

"इडाची आई, कंपन्यांचे कागद वाचायचंच काम ना तुमचं? मग एक सांगा. हॉस्पिटलच्या पाळणाघरात मला बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. पगार इथल्यापेक्षा थोडा कमी आहे. जाऊ का?"

"छान आहे की," मी म्हणाले. "म्हणजे... विचार करून बघा."

"विचार करूनच विचारतेय हो!" ती हसली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

मॅनहॅटनला ऑफिसला जाताना फेरीबोटीतही तिची ती नजर डोळ्यांपुढून हलेना.

हे पाळणाघर ज्या कंपनीची शाखा, तिनं दिवाळखोरी जाहीर केल्याला सहा आठवडे झाले होते. 'सर्व शाखा नेहमीप्रमाणे सुरू आहेत' असा कागद दारावर चिकटवला होता. कंपनीला कर्ज दिलेल्या सात गुंतवणूक फंडांनी मिळून एक गट केला होता, सगळ्यांचा मिळून एकच वकील. त्यातला सर्वांत लहान फंड म्हणजे आमचा, मी नोकरी करते तो. वाटाघाटींसाठी कंपनीनं आम्हाला आतली माहिती दिली, पण आधी गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या. करार संपेपर्यंत ते कर्ज दुसऱ्या कुणाला विकायचं नाही आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मागच्या सोमवारी मी बंद होणाऱ्या चाळीस शाखांची यादी पाहिली. एकोणिसावी आमची.

तेव्हापासून मी इडाची पिशवी दोनदा तपासते. काय विसरलंय ते सापडत नाही.

करार गुरुवारी संपणार होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचला कंपनीनं सगळं जाहीर करायचं होतं. पण बुधवारी गटाच्या वकील प्रुडोमबाईंची मेल आली. कंपनीला आणखी दोन आठवडे गुप्तता हवी होती. सातही फंडांनी सह्या कराव्यात, एकाची जरी राहिली तर कंपनीला उद्याच जाहीर करावं लागेल.

मी हॉलिसच्या, माझ्या साहेबांच्या, खोलीत गेले.

"आपण सही करू नये असं मला वाटतं."

"का?"

"सहा आठवडे आपण अडकून पडलोय. विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही."

"हं. आणि खरं कारण?"

"माझी मुलगी त्यांच्याच पाळणाघरात जाते. ती शाखा यादीत आहे."

त्यांनी हातातला अर्धा खाल्लेला बेगल खाली ठेवला. "आणि हे मला आज सांगतेस?"

"पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. खाली तुमची सही आहे."

त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. सापडलं, तसे त्यांचे कान लाल झाले. "मग यात तुझं मत धरता येणार नाही."

"माहितीये. तुम्हीच ठरवा."

"दोन आठवड्यांत यादी बदलेल?"

"नाही. भांडण फक्त व्याजाच्या दराचं आहे."

"तिथे किती बायका कामाला आहेत?"

"आमच्या शाखेत अकरा. कुणालाच काही माहीत नाही."

दुपारी गटाचा फोन झाला तेव्हा मी शेजारी बसले होते.

"आमची सही नाही," हॉलिस म्हणाले.

"अरे, कर्जात तीन टक्के तुझे, आणि गाडीचा ब्रेक तुझ्या पायाखाली?" हा ब्रँडव्होल्ड, सर्वांत मोठ्या फंडाचा.

"पाय छोटा आहे रे, पण पडलाय ब्रेकवरच."

"एकत्र राहायचं ठरलं होतं आपलं."

"कर्जाच्या तोडग्यावर मत देताना एकत्रच आहोत. आणखी दोन आठवडे गप्प बसायचं ठरलं नव्हतं."

"ऐक. माझ्याकडे शाळामास्तरांच्या पेन्शनचा पैसा आहे. उद्या हे बाहेर आलं, तर घाबरलेले आईबाप चालू शाखांतूनही मुलं काढतील. तो तोटा त्या मास्तरांच्या माथी."

त्याचं चुकत नव्हतं. त्या घाबरलेल्या आईबापांतली एक मीच होते. हॉलिसनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत राहिले.

"तरी नाही," ते म्हणाले.

गुरुवारी पाचला मी फेरीबोटीत होते. पाळणाघरात पोचले तेव्हा बायका दोघी-तिघी मिळून एकेका फोनवरच्या बातमीवर वाकल्या होत्या. कुणीतरी रडत होतं. ओडालिस लहान मुलांच्या खुर्चीवर बसून इडाचं तोंड पुसत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

"तेव्हाही. मला बोलायची परवानगी नव्हती."

"परवानगीचं मला काय कळतंय. ही पोरं बोलत नाहीत, यांचे चेहरेच वाचते मी दिवसभर. सोमवारी तुमचा वाचला. मंगळवारी हॉस्पिटलला हो कळवून टाकलं."

म्हणजे माझ्या चेहऱ्यानं तीन दिवस आधीच गुपित फोडलं होतं.

"मग यांना का नाही सांगितलंत?" मी बायकांकडे पाहत विचारलं.

"काय सांगू? इडाच्या आईचा चेहरा बरा दिसला नाही म्हणून?" तिनं इडाला माझ्याकडे दिलं. "हॉस्पिटलला अजून दोघी हव्यात. उद्या पाचपर्यंत नावं द्यायचीत. आता मात्र दाखवायला कंपनीचाच कागद आहे."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्या रडणाऱ्या बाईकडे गेली. इडानं माझ्या खांद्यावरून ओडालिसच्या दिशेनं दोन्ही हात पसरले.